चारचौघांसारखं कसं चुकावं

एकट्यानं बरोबर असणं हे प्रकृतीला मानवत नाही. कान तापतात, घसा कोरडा पडतो आणि आजूबाजूचे सगळे तुमच्याकडे असं बघतात, की तुमचा तुमच्याच डोळ्यांवरचा विश्वास उडावा. सगळ्यांबरोबर चुकण्याचं सुख मात्र काही औरच. चूक वाटून घेतली की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते आणि पुढे कोणी जाब विचारलाच, तर 'सगळे तसंच म्हणत होते' हे उत्तर तयार असतं. एवढे फायदे समोर दिसत असूनही तुम्ही अधूनमधून 'पण मला तर वेगळं दिसतंय' असं पुटपुटता. ही खोड मोडली पाहिजे. घाबरू नका, उपाय प्रयोगशाळेत तपासलेले आहेत.

अगदी नवशिक्यांनी मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफपासून सुरुवात करावी. 1935 साली त्यानं लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून प्रकाशाचा एक ठिपका दाखवला आणि तो किती हलला ते विचारलं. ठिपका जागचा हललाच नव्हता, पण मिट्ट काळोखात तो हलल्यासारखा वाटतो. दोन-तीन माणसं एकत्र बसवली की त्यांचे आकडे हळूहळू एकमेकांजवळ सरकू लागले. पण यात काही कर्तबगारी नाही. जिथे कोणालाच नीट दिसत नाही, तिथे शेजाऱ्याला विचारणं हा शहाणपणाच झाला. आपल्याला लख्ख उजेडात चुकायचं आहे.

त्यासाठी 1950 च्या दशकातल्या अमेरिकेत, मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशच्या खोलीत चला. सात ते नऊ विद्यार्थी ओळीनं बसले आहेत. समोर दोन कार्डं. एकावर एक उभी रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी कोणती पहिलीएवढी, ते बसल्या क्रमानं मोठ्यानं सांगायचं. एकट्याला विचारलं तर शंभरात एखादंही उत्तर चुकू नये, इतकं हे सोपं. गंमत अशी, की खोलीतले बाकी सगळे आधीच पढवून ठेवलेले असतात आणि खऱ्या परीक्षार्थीचा नंबर अगदी शेवटाकडे येतो. पहिल्या दोन फेऱ्या बिनबोभाट पार पडतात. तिसऱ्या फेरीत पहिला मुलगा धडधडीत चुकीची रेघ सांगतो. दुसराही तीच. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे तीच. आता पाळी आपल्या गड्याची. तो क्षणभर थांबतो, ओशाळं हसतो आणि खालच्या आवाजात उत्तर देतो. कोणतं, ते महत्त्वाचं नाही. ते ओशाळं हसू तेवढं टाळा. मुरलेला होयबा चुकीचं उत्तरही खणखणीत आवाजात देतो.

निकाल उमेद वाढवणारा आहे. 18 पैकी 12 फेऱ्यांत पढवलेली मंडळी ठरवून चुकली आणि 123 विद्यार्थ्यांची त्या फेऱ्यांतली 36.8 टक्के उत्तरं त्यांच्यामागे गेली. चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली. रेघांमधला फरक सात इंचांवर नेला तरीही काहीजणांनी री ओढलीच. सात इंच! फूटपट्टीचा निम्म्याहून जास्त भाग गिळून 'सारख्याच आहेत' म्हणणाऱ्या या माणसांचे फोटो खरं तर प्रत्येक सभागृहात लावायला हवेत.

नुसतं बोलून भागत नाही, आतून एखादं कारणही हाताशी लागतं. अ‍ॅशनं नंतर मुलाखती घेतल्या तेव्हा हवी तेवढी कारणं निघाली. कोणी म्हणालं, मीच चुकत असणार, एवढे सगळे थोडेच चुकतील! कोणी म्हणालं, तुमच्या प्रयोगाचा विचका व्हायला नको म्हणून. काहींना तर चक्क संशय आला होता, की बाकीचे सगळे पहिल्याच्या मागे मेंढरासारखे चाललेत. आणि एवढं ओळखूनही पाळी आल्यावर त्यांनी कळपाचंच उत्तर दिलं. मला विचाराल तर हा प्रकार सर्वांत उच्च कोटीचा. पण काहींना वाटलं, की आपल्यातच काहीतरी कायमचं वैगुण्य आहे आणि ते कोणालाही कळता कामा नये. हे कारण निवडणार असाल तर रात्रीची झोप विसरा. आणि हो, होकारांचा हिशेब ठेवू नका. अ‍ॅशच्या झुकणाऱ्यांनीही ठेवला नव्हता. आपण किती वेळा झुकलो हे विचारल्यावर ते प्रत्यक्षापेक्षा कमीच आकडा सांगत.

तुम्ही स्वतः बैठक चालवत असाल तर आणखी सोपं. खोलीभर माणसं गोळा करण्याची गरज नाही. रेघांच्या प्रयोगात चुकीचं उत्तर देणारा पढवलेला माणूस एकच असताना चुकांचं प्रमाण 3.6 टक्के होतं, दोन असताना 13.6 आणि तीन असताना 31.8. त्यापुढे माणसं वाढवून फारसं काही हाती लागलं नाही. तेव्हा तीन होयबा पुरेत, मात्र त्यांना आधी बोलू द्या. चिठ्ठीवर गुपचूप मत लिहून घेण्याच्या फंदात चुकूनही पडू नका. उत्तर कागदावर, इतरांना न कळता द्यायला मिळालं की माणसं डोळ्यांना दिसतं तेच लिहू लागतात. हात वर करायला लावा. आणि वर केलेले हात मोजताना मान सावकाश फिरवा.

या साऱ्या साधनेत एकच विघ्न आहे, ते म्हणजे सोबती. खोलीत एकानं जरी खरं उत्तर दिलं तरी चुका साधारण पाव हिश्श्यावर आल्या. बहुमताहून वेगळं बोलणारा स्वतः चुकत असला तरीही चुका घटल्या. म्हणजे त्याचं म्हणणं बरोबर असण्याचीही गरज नाही, सूर फुटला की झालं! एका प्रयोगात सहा फेऱ्यांनंतर हा सोबती फुटून बहुमताला मिळाला आणि मागे राहिलेला गडी लगेच ढासळला. दुसऱ्या प्रयोगात तोच सोबती 'डीनना भेटायचंय' म्हणून खोलीबाहेर गेला, तर त्यानं दिलेला धीर मागे राहिलेल्या गड्यात बराच टिकून राहिला. धडा स्पष्ट आहे. वेगळं बोलणाऱ्याला बाहेर काढू नका, आपल्यात ओढा. आणि तुमच्यापुरतं सांगायचं तर तुम्ही गप्प बसलात की शेजारच्याचा सोबती आपोआप कमी होतो. तोही मग तुमच्याकडे बघून गप्प बसतो. एका गप्प बसण्यात दोन माणसांची सोय होते.

गंभीर प्रसंगी काय करायचं, ही शंका 1968 मध्ये लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी फेडली. विद्यार्थी प्रश्नावली भरत असताना भिंतीतल्या झरोक्यातून खोलीत धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी 75 टक्के उठून सांगायला गेले. ढिम्म बसून राहणारी दोन पढवलेली माणसं शेजारी असताना दहापैकी एकच गेला. बाकीचे खोकले, त्यांनी डोळे चोळले, खिडकी उघडली, पण प्रश्नावली सोडली नाही. नंतर विचारलं तर कोणाला ती वाफ वाटली होती, कोणाला एसीचा काहीतरी प्रकार. दोघांना वाटलं होतं, की प्रश्नावली खरी भरली जावी म्हणून सोडलेला हा सत्य बोलायला लावणारा वायू आहे! रेघांची गोष्ट मी हसत सांगतो, हिच्यापाशी मात्र हसू जरा अडतं. असो. तुम्ही खिडकी उघडा आणि पुढचा प्रश्न सोडवायला घ्या.

ही परंपरा तुमच्यामागे चालेल का, ही काळजीही नको. 1961 मध्ये जेकब्स आणि कॅम्पबेल यांनी तोच अंधारातला ठिपका घेतला आणि पढवलेल्या माणसांकडून अवाच्या सवा आकडा वदवून घेतला. मग एकेक करून त्यांच्या जागी नवखी माणसं बसवली. थाप मारणारा शेवटचा माणूस उठून गेल्यावरही फुगवलेला आकडा काही पिढ्या टिकला. पुढे तो हळूहळू ओसरला खरा, पण 'ही रीत घातली कोणी' असं विचारायला मूळचं कोणी खोलीत उरलंच नव्हतं. त्यामुळे तुम्हीही विचारू नका.

आता एक अडचणीची बाब, ती दबक्या आवाजातच सांगतो. अ‍ॅशच्या त्याच आकडेवारीत जवळपास दोन तृतीयांश उत्तरं बरोबर होती आणि सुमारे चौथा हिस्सा विद्यार्थी एकदाही हलले नाहीत. 1980 मध्ये पेरिन आणि स्पेन्सर यांनी ब्रिटनमधल्या अभियांत्रिकी, गणित आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला, तेव्हा 396 उत्तरांपैकी बहुमतामागे गेलेलं उत्तर निघालं एक. खुद्द अ‍ॅशला माणसांच्या या ताठ कण्याचं अप्रूप होतं. पण 1990 मध्ये तिघा संशोधकांनी मानसशास्त्राची पाठ्यपुस्तकं चाळली, तेव्हा असं दिसलं, की जसजशी वर्षं गेली तसतशी पुस्तकं झुकणाऱ्यांबद्दल जास्त आणि न झुकणाऱ्यांबद्दल कमी बोलू लागली. आता लेखकांनी एकमेकांच्या वहीत डोकावून लिहिलं, असं मी म्हणणार नाही. तुम्हीही कोणाला हा प्रयोग सांगाल, तेव्हा 'चारातले तीन झुकले' इथेच थांबा. ऐकणाऱ्यांतलं कोणी आधी हे वाचलेलं असेल, तर त्यानंही तेवढंच वाचलेलं असण्याची शक्यता जास्त आहे.