खुलासा : लाखेच्या फर्निचरला सॅनिटायझर लावू नका

‘संखेडा झोपाळ्याची चमक गेली? सॅनिटायझरचा बोळा फिरवा, नव्यासारखा होईल,’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. कृपया असं करू नका. गुजरातेतल्या संखेड्याच्या या सामानावर लाख असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बोळा फिरवताच क्षणभर ओली चकाकी दिसते, मग पृष्ठभाग चिकट होतो, कापसाचे धागे रुततात आणि नक्षीचा रंग बोळ्यावर उतरतो.

पॉलिशवाले स्पिरिट, म्हणजे अल्कोहोलच, वापरतात हे खरं. पण त्यांच्या स्पिरिटात चपडा, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेच्या पातळ चकत्या, विरघळवलेला असतो, हात भराभर चालतो आणि बोळा एका जागी थांबत नाही. ते कसबी हाताचं काम आहे.

बहुतेकदा मंदपणा हा वर्षानुवर्षांच्या तेलकट हातांचा आणि धुळीचा थर असतो. मऊ सुती कापड जेमतेम ओलसर करून पुसा, लगेच कोरडं करा. मग फर्निचरचं मेण अगदी पातळ लावून घासा. खोबरेल तेल नको, त्यावर धूळ बसते.

लाख आहे की नाही अशी शंका असेल, तर खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट झालं तर लाखच. लाखेचे पापुद्रे सुटले असतील, तर मात्र कारागिरालाच बोलवा.