आमदारावर राग आहे ना? मग पोरीची लस का अडवता?

आमच्या आमदारांच्या कार्यालयातून गावोगावच्या ग्रुपवर निरोप आला: 9 ते 14 वयाच्या मुलींसाठी एचपीव्ही या विषाणूवरच्या लसीचं शिबिर, त्या विषाणूमुळे होणारा पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर टाळण्यासाठी; येताना आधार कार्ड आणि पालकांचं संमतीपत्र आणा. दुपारपर्यंत त्याच ग्रुपवर त्याला उत्तर म्हणून एक फॉरवर्ड फिरू लागला. या लसीने पुढे मूल होत नाही, 2010 साली सात मुली मेल्या म्हणून सरकारने बंदी घातली, लस घेऊनही कॅन्सर होतोच, आणि आमदाराला कमिशन मिळतं. संध्याकाळी वहिनीने पुतणीचं नाव यादीतून काढून टाकलं. चांगली बीएस्सी झालेली बाई!

कमिशनचं आधी उरकून टाकू. फॉरवर्डमध्ये पुरावा म्हणून एक ओळ नाही. आणि समजा खाल्लंच असेल, तर तक्रार करा, पुढच्या वेळी पाडा. मीही त्यांना मत दिलेलं नाही. त्याने बाटलीतली लस बिघडत नाही.

आता मूल न होण्याची भीती. सगळ्यात जास्त घात हीच करते. या लसीत जिवंत विषाणू नसतो. असतं ते त्याच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन. ऑस्ट्रेलियात 2007 पासून शाळकरी मुलींना ही लस देतात. त्या मुली आज तिशीत आहेत, त्यांच्या कडेवर पोरं आहेत. आपल्याकडे सिक्कीमने 2018 मध्ये शाळाशाळांतून दिली. उलट पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला, की अनेकींची अख्खी पिशवीच काढावी लागते, नाहीतर किरणोपचार घ्यावे लागतात. आई होणं तिथे संपतं. म्हणजे ज्या भीतीने लस नाकारायची, तेच लस न घेतल्याने वाट्याला यायची शक्यता! भारतात दर वर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो.

सात मुलींचं मात्र पूर्ण खोटं नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. 2009-10 मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात एका परदेशी संस्थेच्या प्रकल्पात ही लस दिली, आणि त्या काळात सात मुली दगावल्या. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीचा ऑगस्ट 2013 चा 72 वा अहवाल त्यावरच आहे. आंध्रातल्या 9,543 संमतीपत्रांपैकी 2,763 वर पालकांऐवजी वसतिगृहांच्या वॉर्डननी सह्या ठोकल्या होत्या. गरिबांच्या पोरींना असं गृहीत धरणं संतापजनकच होतं. पण मृत्यूंची कारणं सर्पदंश, बुडणं, कीटकनाशक पोटात जाणं, मलेरिया अशी निघाली आणि सरकारी चौकशीने लसीशी बहुधा संबंध नाही असं म्हटलं. स्थायी समिती त्या चौकशीवरही नाराज होती, पण तिचा मुख्य रोख संमती आणि देखरेखीतल्या हलगर्जीपणावर होता. बंदी म्हणाल, तर सरकारी आदेशाने थांबवले ते लसीचे अभ्यास. लस खासगी दवाखान्यांत मिळतच राहिली.

गंमत पुढे आहे. त्याच आदेशाने पुण्यासह इतर ठिकाणी चाललेला एक वेगळा अभ्यासही थांबला, आणि बऱ्याच मुलींना एकच डोस मिळून राहिला. त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं, की एका डोसनेही या विषाणूच्या 16 आणि 18 या मुख्य प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग सुमारे 95 टक्के रोखला जातो. 2021 मध्ये ते प्रसिद्ध झालं. फॉरवर्डवाल्याने 2010 धरून ठेवलं आणि पुढचं सोडून दिलं.

लस घेऊनही कॅन्सर होतो का? क्वचित होऊ शकतो. 16 आणि 18 मिळून सुमारे 70 टक्के कॅन्सर घडवतात. बाकीचे प्रकार उरतात. म्हणून तिशीनंतर तपासणी हवीच. आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या बायकांची एकदाच एचपीव्ही तपासणी केली, तर या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. 2009 मध्ये ते छापून आलं. आमदारांच्या निरोपात मुलींचं सगळं होतं, त्यांना शिबिरात घेऊन येणाऱ्या आयांच्या तपासणीचा शब्द नव्हता. तो घाला, साहेब, आणि संमतीपत्र आदल्या दिवशी घरी पाठवा. मांडवात घाईघाईने सह्या नकोत.