स्विच कुठे लपवलाय यापेक्षा कोणती वायर तोडलीय ते बघा

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा आशय असा: ‘जुनी गाडी आहे? बॅटरीच्या वायरमध्ये पन्नास रुपयांचा स्विच टाका आणि स्टीअरिंगखाली लपवा. दहा मिनिटांचं काम आहे. बाइक, कार, डिझेल, सगळ्यांना चालतं. चोर आला तरी गाडी जागची हलणार नाही. मग महागडा विमाही नको.’

मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे, मूळ कल्पनाही खोटी नाही. जुन्या गाडीच्या चावीत चिप नसते, त्यामुळे इग्निशनच्या वायरी डायरेक्ट केल्या की इंजिन चालू होतं. तिथे चोराला माहीत नसलेला आणखी एक अडथळा असलाच पाहिजे. पण मेसेजमध्ये सांगितलंय तसं केलं तर काही गाड्यांना संरक्षण मिळणारच नाही आणि काहींच्या बोनटमधून धूर येईल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘बॅटरीच्या वायरमध्ये स्विच टाका.’ मेसेजमधली सगळ्यात धोक्याची ओळ हीच. सेल्फ मारताना छोट्या कारचा स्टार्टरसुद्धा 100 ते 150 अँपिअर ओढतो. दुकानात मिळणारा साधा टॉगल स्विच 6 किंवा 10 अँपिअरचा असतो. त्याच्यातून हा करंट गेला की कॉन्टॅक्ट तापतात आणि प्लास्टिक वितळतं. कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटले तर स्विच बंद करूनही बंद होत नाही. मोठ्या करंटचा बॅटरी कट-ऑफ मिळतो आणि तो हा भार सोसतो, पण तो बोनटमध्ये समोरच दिसतो. शिवाय त्याने गाडीची सगळीच वीज जाते. अलार्म मुका होतो, गाडी कुठे आहे ते सांगणारा ट्रॅकरही आतल्या छोट्या बॅटरीवर थोडाच वेळ चालून बंद पडतो. चोरी पकडणारी यंत्रणा आपण स्वतःच्या हाताने बंद करून झोपायला जायचं, असा हा प्रकार.

तोडायची असते ती बारीक वायर. इंजेक्टरवाल्या पेट्रोल कारमध्ये इंधन पंपाचा रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, असतो. त्याच्या 30 आणि 87 या पिनांतून पंपाचा करंट जातो, तर 85 आणि 86 मध्ये फक्त रिलेची कॉइल असते. ही कॉइल जेमतेम 150 ते 200 मिलिअँपिअर घेते. तिच्या वायरमध्ये स्विच टाकला तर छोटासा स्विच आणि पाऊण स्क्वेअर एमएमची वायर पुरते, आणि पंपाच्या मूळ जाड वायरिंगला हातही लावावा लागत नाही. चोराने चावी फिरवली तर लाइनमधल्या उरलेल्या प्रेशरवर इंजिन काही सेकंद चालतं आणि बंद पडतं. पुढे कितीही सेल्फ मारला तरी चालू होत नाही. गाडीतच बिघाड आहे असं त्याला वाटतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. काही गाड्यांत स्विच बंद असताना कुणी चावी फिरवली तर चेक इंजिनचा दिवा लागून राहू शकतो. त्याने घाबरू नका.

‘सगळ्यांना चालतं.’ नाही चालत. इथे जरा थांबून वाचा, कारण चुकीच्या गाडीला चुकीचा स्विच लावणारे याच ओळीमुळे फसतात.

कार्ब्युरेटरवाल्या मारुती 800 मध्ये किंवा प्रीमियर पद्मिनीत इंधन पंप इंजिनवर चालणारा, यांत्रिक असतो. त्याला वायरच नाही. तिथे ठिणगीसाठी वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलकडे जाणारी प्लसची वायर रिलेतून न्यायची. पण कॉइल बोनटमध्ये उघडी असते आणि बॅटरीपासून एक वायर ओढून ती डायरेक्ट करता येते. म्हणून अशा गाडीला बोनटचं लॉकही पक्कं हवं.

सीएनजी किट असलेली कार हा तर खास मुंबईचा मुद्दा. जुन्या किटमध्ये डॅशबोर्डवरच्या बटणाने गाडी थेट गॅसवर चालू करता येते. तुम्ही पेट्रोलचा पंप बंद करून निश्चिंत झोपलात तरी गाडी गॅसवर खुशाल निघून जाईल. तिथेही कॉइलची वायरच घ्या. किटच्या सोलेनॉइडला (विजेने उघडणारी झडप) आणि किटच्या वायरिंगला अजिबात हात लावू नका.

डिझेलला इग्निशन कॉइल नसतेच. यांत्रिक पंपाच्या अनेक इंजिनांत पंपावर एक सोलेनॉइड असतो. त्याची 12 व्होल्टची वायर तोडली की डिझेल थांबतं. पण काही जुन्या जीपमध्ये इंजिन बंद करायला केबल ओढावी लागते. तिथे हा सोलेनॉइड नसतो, आणि एकदा उतारावर धक्का मारून इंजिन पेटलं की त्याला विजेची गरज उरत नाही. अशा जीपला स्विच लावणं म्हणजे नुसती मनाची समजूत. तिथे गियर लॉकच हवं.

किकच्या जुन्या बाइकचं गणित तर उलटंच आहे. 100 सीसीच्या अनेक बाइकच्या सीडीआयला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, वीज बॅटरीतून मिळत नाही, इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोतून मिळते. बॅटरी काढून टाकली तरी किकने बाइक चालू होते. इंजिन बंद करायचं असेल तेव्हा चावी एक वायर बॉडीला अर्थ करते. होंडाच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये ही वायर बहुधा काळी-पांढरी असते. म्हणूनच हेडलाइटमागचा चावीचा कनेक्टर नुसता उपटला की अर्थिंग सुटतं आणि बाइक चालू होते. या बाइक इतक्या सहज जातात त्याचं मोठं कारण हे.

इथे वायर तोडायची नसते, अर्थ करायची असते. काळ्या-पांढऱ्या वायरला सीडीआयच्या जवळ, कनेक्टरच्या अलीकडे एक फाटा जोडा आणि तो छुप्या स्विचमधून बॉडीला द्या. स्विच ऑन असेल तर कनेक्टर उपटूनही ठिणगी पडत नाही. आपली बाइक याच जातीची आहे का ते आधी तपासा. चावी बंद ठेवून मल्टीमीटर त्या वायरवर आणि बॉडीवर लावा. बीप वाजली आणि चावी चालू केल्यावर थांबली, तर हीच पद्धत. या वायरला चुकूनही 12 व्होल्ट देऊ नका, सीडीआय जागच्या जागी जातो.

‘स्टीअरिंगखाली लपवा.’ चोराचा हात पहिला तिथेच जातो, कारण चावीच्या वायरी तिथेच असतात. त्याच्या आधी मात्र गाडी धुणारा, गॅरेजमधला पोऱ्या आणि पार्किंगवाला यांना तुमचा हात रोज कुठे जातो ते दिसलेलं असतं. म्हणून दिसणारा टॉगल नकोच. गाडीत आधीपासून असलेलं, एरवी वापरात नसलेलं एखादं बटण वापरा. नाहीतर प्लास्टिकच्या ट्रिममागे रीड स्विच बसवा. तो चुंबक जवळ आला की जुळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर रीड स्विच, रिले, डायोड सगळं एकाच फेरीत मिळतं.

स्विच लपवण्यापेक्षा मोठी अडचण विसरण्याची असते. रात्री दमून घरी आलं की स्विच बंद करायचा राहून जातो. यावर उपाय म्हणजे स्वतःला धरून ठेवणारा रिले. 12 व्होल्ट, 40 अँपिअरचा चार पिनांचा रिले घ्या. 30 ला फ्यूजमधून इग्निशनची लाइन द्या, 87 वरून पुढे ज्याला वीज हवी तिकडे न्या, 85 बॉडीला द्या. रीड स्विच 30 आणि 86 च्या मध्ये लावा. मग 87 पासून 86 ला 1N4007 डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), त्याची पांढरी पट्टी 86 च्या बाजूला. चावी चालू करून किचेनमधला चुंबक एकदा टेकवला की रिले ओढला जातो आणि चावी बंद करेपर्यंत तसाच राहतो. चावी काढली की संरक्षण आपोआप सुरू.

तो डायोड गाळून नुसती वायर जोडली तरी सर्किट चालतं, म्हणून बरेच जण तो गाळतात. पण मग चुंबक टेकवताच क्षणभर पुढचा सगळा करंट रीड स्विचमधून जातो. रीडचे कॉन्टॅक्ट साधारण अर्ध्या अँपिअरचे. काही दिवसांत ते चिकटतात आणि चुंबक नसतानाही गाडी चालू होऊ लागते, तुम्हाला पत्ताही लागत नाही. दुसरा डायोड 85 आणि 86 वर आडवा, पट्टी 86 कडे. रिले सुटताना येणारा झटका तो पचवतो. आणि लाइन इग्निशनचीच घ्या. रेडिओची घेतलीत तर सेल्फ मारताना ती तुटते आणि रिले सुटतो.

या रिलेचा एक दोष उघड सांगायला हवा. चालत्या गाडीत लाइनला क्षणभर लूज कॉन्टॅक्ट झाला तरी रिले सुटतो आणि परत जुळत नाही. ईस्टर्न फ्रीवेवर इंजिन बंद पडलं तर ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो आणि पॉवर स्टीअरिंग असेल तर ते दगडासारखं जड होतं. रोज हायवेने जाणाऱ्यांनी स्टार्टरच्या सोलेनॉइडच्या बारीक वायरमध्ये दुसरा रिले टाकावा आणि त्याची कॉइल या रिलेच्या 87 वरून चालवावी. एकदा इंजिन चालू झालं की रिले सुटला तरी फरक पडत नाही. तोटा एवढाच की धक्का मारून गाडी चालू करता येते, म्हणून सोबत गियर लॉक लागतंच. आमचं मत विचाराल तर घरातले तीन-चार जण चालवतात त्या गाडीला ही दुसरी पद्धतच योग्य.

‘दहा मिनिटांचं काम.’ वायर पिळून वर काळी टेप गुंडाळली तर खरंच दहा मिनिटं. बोनटच्या उष्णतेने टेपचा गोंद वितळतो आणि ती सुटते. जून ते सप्टेंबर दमट, खारट हवा तांब्याला लागते, जोडाच्या आत हिरवट थर चढतो आणि पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी गाडी तुमच्यासाठीच बंद राहते. घरच्या वायरिंगची एकतारी वायर वापरू नका, ती थरथरीने आतल्या आत तुटते. बहुतारी ऑटो वायर घ्या, क्रिम्प करा (पकडीने दाबून जोडा) आणि वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. वायर मूळ हार्नेसच्याच रंगाची आणि त्याच्याच स्लीव्हमधून न्या. लालभडक नवी वायर दिसली की स्विच लपवून काही उपयोग नाही. उंदीर फिरतात त्या पार्किंगमध्ये बोनटमधला भाग कोरुगेटेड पाइपमधून घ्या.

‘जागची हलणार नाही.’ इंजिन चालू होणार नाही एवढंच खरं. हँडल लॉक एका जोरदार झटक्यात तुटतं, मग दुसऱ्या बाइकवरचा माणूस पाय लावून तुमची बाइक ढकलत नेतो. नाहीतर दोघे मिळून ती टेम्पोत टाकतात. सुट्या भागांसाठी गाडी नेणाऱ्याला इंजिन चालू व्हायची गरजच नसते. म्हणून डिस्क लॉक, आणि त्याहून बरी म्हणजे कठीण पोलादाची किमान 10 एमएमची साखळी, मागच्या चाकातून आणि चेसिसमधून घेऊन खांबाला किंवा ग्रिलला बांधलेली. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका, जमिनीचा आधार घेऊन कटर सहज चालतो.

ट्रॅकर लावणार असाल तर हिशोब करा. उभ्या गाडीत तो 20 मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला अर्धा अँपिअर-तास जातो. 35 अँपिअर-तासाची कारची बॅटरी साधारण सव्वा महिन्यात अर्धी होते. बाइकची अडीचची बॅटरी अडीच दिवसांतच अर्धी. बाइकला स्वतःची बॅटरी असलेला ट्रॅकर घ्या.

‘विमा नको.’ थर्ड पार्टी पॉलिसीत चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी किंवा वेगळं ओन डॅमेज कव्हर लागतं. पाच वर्षांहून जुन्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, तेव्हा कंपनीने टाकलेला आकडा न बघता सही करू नका. चोरीविरोधी यंत्राची सवलत एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता असलेल्या यंत्रावर असते, घरी लावलेल्या स्विचवर नाही. गाडी गेलीच तर त्याच दिवशी एफआयआर करा आणि कंपनीला कळवा. तपास लागला नाही तर पोलिसांची ‘ए समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही असा अहवाल, लागते, आणि कंपनी गाडीच्या दोन्ही चाव्या मागते. दुसरी चावी आज घरात कुठे आहे, ते आत्ताच शोधून ठेवा.