‘मागचे ३० दिवस’ इतके निरुपद्रवी नाहीत

डॅशबोर्ड बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: कॅलेंडरचे महिने सोडा आणि ‘मागचे ३० दिवस विरुद्ध त्याआधीचे ३० दिवस’ अशी रोलिंग, म्हणजे रोज एक दिवस पुढे सरकणारी, तुलना लावा. दोन्हीकडे दिवस सारखे, कल रोज ताजा, सलग वाढ दिसली की तो पक्का, आणि हिशेब टूल सांभाळतं. सल्ल्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. २८ दिवसांच्या फेब्रुवारीशी ३१ दिवसांचा मार्च ताडून पाहिला, तर धंदा जागचा हलला नसतानाही १०.७ टक्के वाढ पदरात पडते. ही गफलत रोलिंग तुलनेत टळते. पुढचे दावे मात्र तपासायला हवेत.

‘दोन्हीकडे दिवस सारखे.’ संख्येने सारखे, वारांनी नाहीत. ३० दिवस म्हणजे चार आठवडे आणि वर दोन दिवस. मुदत रविवारी संपत असेल तर तिच्यात पाच शनिवार आणि पाच रविवार येतात. त्याआधीची मुदत शुक्रवारी संपते, म्हणून तिच्यात पाच गुरुवार आणि पाच शुक्रवार. समजा, सोमवार ते शुक्रवार रोज १०० ऑर्डर येतात, शनिवार-रविवारी ४०, आणि यात कधीच तसूभर फरक पडत नाही. तरी आधीची बेरीज २,५२० आणि आताची २,४००. डॅशबोर्डवरच्या आकड्याच्या कार्डावर लाल बाण, ४.८ टक्के घट! मुदत मंगळवारपर्यंत सरकली की तेच कार्ड ५ टक्के वाढ दाखवतं. मधल्या बैठकीत कुणीतरी घसरणीची कारणंही शोधून काढलेली असतात.

उपाय फुकटचा आहे: २८ दिवस घ्या. वेबसाइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये आधीपासून निवडलेली मुदत २८ दिवसांचीच असते. गेल्या वर्षाशी तुलना करताना ३६५ ऐवजी ३६४ दिवस मागे जा, म्हणजे वार जुळतात.

‘कल रोज ताजा दिसतो.’ माझा खरा आक्षेप इथे आहे. रोलिंग बेरीज आज किती बदलली, हे दोन दिवसांवर ठरतं: आत आलेला आणि बाहेर पडलेला. चार्ट पाहणारा फक्त पहिल्याचा विचार करतो. रोजची विक्री १०० असताना एक दिवस सवलतीमुळे ८०० झाली, तर सात दिवसांची सरासरी २०० वर चढते, आठवडाभर तिथेच राहते आणि आठव्या दिवशी धाडकन १०० वर येते. त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं. सवलतीचा दिवस मुदतीबाहेर गेला, इतकंच. शिवाय मागच्या ३० दिवसांची सरासरी कलाच्या साधारण पंधरवडाभर मागे चालते. याला ताजं कसं म्हणायचं?

‘सलग दहा दिवस रेघ वर जातेय, म्हणजे कल पक्का.’ लागोपाठच्या दोन बिंदूंमध्ये ३० पैकी २९ दिवस सामाईक असतात, त्यामुळे ते दहा स्वतंत्र पुरावे ठरत नाहीत. १९२७ मध्ये सोव्हिएत अर्थशास्त्रज्ञ येवगेनी स्लुत्स्की यांनी सरकारी लॉटरीत निघालेल्या आकड्यांच्या सरकत्या बेरजा मांडल्या, तर त्यांच्या लाटा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या व्यापारचक्रासारख्या, म्हणजे तेजी-मंदीच्या चढउतारांसारख्या, दिसल्या. लॉटरीला कसला आलाय कल!

‘हिशेब टूल सांभाळतं.’ डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेत ‘मागच्या सहा ओळी आणि चालू ओळ’ अशी विंडो (हिशेबात धरायच्या ओळींची चौकट) लावली, तर ती ओळी मोजते, दिवस नाही. ज्या तारखेला विक्री नाही तिची ओळच नसेल, तर सात ओळी आठ-नऊ दिवसांवर पसरतात. म्हणून सलग तारखांचं वेगळं टेबल जोडावं लागतं. डॅशबोर्ड बनवायच्या पॉवर बीआय या टूलमध्ये सापेक्ष तारखेच्या (‘मागचे इतके दिवस’ अशा) फिल्टरमध्ये आजचा दिवस धरायचा की नाही याचा पर्याय असतो. आजचा दिवस धरलेलाच राहिला तर सकाळी उघडलेल्या चार्टमध्ये अर्धवट दिवस पूर्ण दिवसांच्या रांगेत बसतो. आणि वेगवेगळे ग्राहक किती, हा आकडा तर रोजच्या आकड्यांची बेरीज करून मिळतच नाही. एकच माणूस दहा दिवस आला तर तो दहादा मोजला जातो. तिथे प्रत्येक मुदतीसाठी मोजणी नव्याने करावी लागते.