एनेबल केलं म्हणजे चालू झालं? नाही हो!

परत तोच मेसेज फिरतोय. म्हणे लिनक्सवर सर्व्हिस (पाठीमागे चालत राहणारा प्रोग्राम) एनेबल केली की चालू, डिसेबल केली की बंद, युनिट फाइलमध्ये (सर्व्हिसची सेटिंग फाइल) 'आफ्टर नेटवर्क टार्गेट' लिहिलं की नेट आल्यावरच सुरू होणार, आणि हे जमत नसेल तर आरसी लोकल या बूटला चालणाऱ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ टाका, विषय संपला. चारपैकी एकही धड खरं नाही.

एनेबल केल्याने काहीही सुरू होत नाही, फक्त एक सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक, पडते. युनिट फाइलच्या इन्स्टॉल भागात वाँटेडबाय मल्टी-यूजर टार्गेट (टार्गेट म्हणजे बूटचा एक टप्पा) लिहिलेलं असतं ना, तर ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डराखाली त्या टार्गेटच्या वाँट्स फोल्डरात ती लिंक जाते, आणि बूट होताना सिस्टिमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारा मुख्य प्रोग्राम) त्या टार्गेटकडे निघालं की लिंका बघून एकेक सर्व्हिस ओढून घेतं. आत्ताही चालू हवी तर स्टार्ट वेगळं मारा किंवा एनेबललाच डॅश डॅश नाऊ जोडा. उलटंही तसंच, नुसत्या स्टार्टने एनेबल होत नाही. मी एकदा सर्व्हिस नुसती स्टार्ट करून ठेवलेली, काही महिने मस्त चालली, मग पावसाळ्यात लाईट गेली, आली, मशीन उठलं आणि सर्व्हिस गायब, मी आपला अर्धा दिवस राउटरला शिव्या घालतोय.

डिसेबलने ती लिंक निघते, चालू सर्व्हिस चालूच राहते. रीबूटनंतरही दुसऱ्या युनिटने मागितली तर उठते. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रामची सर्व्हिस डिसेबल करून बघा, तिच्या वतीने कमांडची वाट बघणारं सॉकेट एनेबल राहिलं असेल तर पहिली डॉकर कमांड मारताच स्वारी हजर. कोणीच उठवू नये असं वाटत असेल तर मास्क करा, मग युनिट थेट डेव्ह-नलला, म्हणजे कायम रिकाम्या फाइलला, जोडलं जातं.

नेटवर्कवाला मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना चावतो. आफ्टर म्हणजे फक्त क्रम, त्याने कोणी ओढून आणलं जात नाही. आणि नेटवर्क टार्गेट म्हणजे नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला एवढंच, आयपी मिळालाय याची गॅरंटी नाही. त्यासाठी नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट, तेही वाँट्स आणि आफ्टर दोन्हीत. तरी नेट नंतर पडू शकतंच, म्हणून रीस्टार्ट ऑन-फेल्युअर टाका, पण रीस्टार्टसेक, म्हणजे परत सुरू करण्याआधी किती थांबायचं ते, विसरू नका. डीफॉल्ट १०० मिलिसेकंद आहे, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की सिस्टिमडी हात टेकतं, म्हणजे नेट यायच्या आधीच खेळ खलास. ५ सेकंद ठेवा, निवांत.

राहिलं आरसी लोकल. डेबियन २०१५ मध्ये ८व्या आवृत्तीपासून सिस्टिमडीवर आलं तरी ही फाइल चालते, खोटं कशाला बोला. पण एक्झिक्युटेबल केली नसेल तर गुपचूप वगळली जाते, एखादी ओळ अडकली तर पुढच्या ओळी लटकतात, आणि तिथून सुरू केलेला प्रोग्राम रात्री मेला तर परत उठवायला कोणी नाही. बूटला एकदाच एखादी किरकोळ सेटिंग लावायची असेल तर टाका खुशाल.