कैरोत आपल्याला कोणी फसवू शकत नाही

कैरोला जायचं तर मे महिन्यातच जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथं हवा फार छान असते असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या घरात शाळेत जाणारं पोर नसतं, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय छान हवेत फिरून आलेल्या माणसाकडं परतल्यावर सांगण्यासारखं काही उरत नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र वाळवंटातून खमसीन नावाचा वारा सुटतो. खमसीन म्हणजे पन्नास; पन्नासेक दिवसांच्या त्या काळात हे महाशय कधीही उगवतात. तासाभरात आभाळ पिठल्याच्या रंगाचं होतं, पारा चाळिशी ओलांडतो आणि तोंड घट्ट मिटलं तरी दाताखाली कचकच लागते. फोटोत पिरॅमिड दिसत नाही. पण पिरॅमिड कोणाला बघायचा असतो? आपण दिसलो की झालं.

वाचक चंद्रपूर-अकोल्याकडचे असतील तर गोष्ट वेगळी. ऐन जूनमध्येही कैरोचा पारा एरवी पस्तिशीच्या आसपास असतो, म्हणजे तुमच्या हिशेबी ते थंड हवेचं ठिकाण झालं. बसमधून उतरताना दर वेळी 'आमच्याकडं सत्तेचाळीस जातं' असं मोठ्यानं म्हणत चला. कोकणातल्यांनी गाईडला वर्षाचा पाऊस विचारावा. जेमतेम इंचभर, असं उत्तर येईल. 'आमच्याकडं चहा पिऊन होईस्तोवर एवढा पडतो' हे त्याला ऐकवल्याशिवाय पुढं सरकू नये.

भाषेची चिंता करू नका. दुकानाला तिथं दुक्कान म्हणतात, साबणाला साबून, हॉटेलचं बिल म्हणजे हिसाब, आणि संपलं की खलास. थोडक्यात, पैसे घालवण्यापुरतं अरबी आपण घरूनच शिकून निघालेलो असतो. एकाच शब्दाशी जरा गडबड होते, तो म्हणजे बक्षीश. आपल्याकडं बक्षीस मिळवायला शाळेत पहिला नंबर लागतो. तिथं ते मिळवायला माणूस हजर असला की पुरतं. तुम्ही थडग्यातल्या भिंतीवरचं बदकाचं चित्र पाहत असता, तेवढ्यात एक गृहस्थ शेजारी येऊन त्याच बदकाकडं बोट दाखवतात. झालं, बक्षीश. स्वच्छतागृहाच्या दाराशी दुसरे एक गृहस्थ कागदी रुमालाचे दोन चौकोन हातात ठेवतात. पुन्हा बक्षीश. यावर आमच्या साडूंनी काढलेला उपाय असा, की कोणी बोट दाखवलं की डोळे मिटून घ्यायचे. लक्सरपर्यंत त्यांनी तो निष्ठेनं पाळला. त्यामुळं त्यांनी निम्मं इजिप्त पाहिलं नाही, पण पूर्ण पैसे वाचवले.

साडूंचा उल्लेख आलाच आहे तर उसाच्या रसाचं सांगून टाकतो. कैरोत उसाचा रस आपल्यासारखाच मिळतो, फक्त घुंगरू नसतात. दुकानावर भावाची पाटी होती आणि तिच्यावर अरबी आकडे. आता अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा वाटोळा असतो, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. सहा इंग्रजी सातासारखा दिसतो. तेव्हा पाटीवर होते पंधरा पाऊंड आणि साडूंनी वाचले दहा. दुकानदार पंधरा मागतोय म्हटल्यावर साडूंच्या अंगात सगळं सदाशिव पेठ संचारलं. ते पाटीवर बोट आपटून 'दहा' म्हणत होते, तो त्याच पाटीवर त्याच आकड्यावर बोट आपटून 'खमस्ताशर' म्हणत होता. दोघेही खरं बोलत होते. मागं तीन माणसं ग्लास हातात धरून मजा बघत होती, पुढं रस काळा पडत चालला होता. शेवटी दुकानदार हात वर करून म्हणाला, "एन्त फाकिरनी हिंदी?"

एवढ्या वाक्यात साडूंना एकच शब्द कळला. चेहरा उजळला. "यस, यस! हिंदी! अमिताभ बच्चन!" त्यांनी छातीवर हात ठेवला. मागचे तिघे पोट धरून हसले, दुकानदारानं कपाळाला हात लावला आणि रस दहाला दिला. विजयी वीर बसमध्ये परतले. गाईडला मी त्या वाक्याचा अर्थ विचारला तर तो खिडकीबाहेर बघायला लागला. दोन दिवसांनी लाजत लाजत त्यानं सांगितला: 'मला काय भारतीय समजलास?' इजिप्तमध्ये हा वाक्प्रचार आहे. मला काय येडा समजलास, असं म्हणायचं झालं की ते असं म्हणतात. साडूंना मी हे अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

पाच पाऊंड वाचवण्याचं महत्त्व पटावं म्हणून किल्ल्यावरची मोहम्मद अलीची मशीद जरूर बघा. तिच्या अंगणात एक मनोरा आणि त्यावर एक घड्याळ आहे. फ्रान्सच्या राजानं दिलेलं. इजिप्तकडून फ्रान्सला काय गेलं? लक्सरच्या देवळापुढचा तीन हजारांहून अधिक वर्षं जुना, तेवीस मीटर उंचीचा, एका दगडातला स्तंभ. तो १८३६ साली पॅरिसच्या चौकात उभा राहिला आणि अजून ताठ आहे. घड्याळ आल्यापासून बहुतेक काळ बंद. चित्रलिपीचं कोडं सोडवणारा रोझेटाचा दगड लंडनला, नेफरतिती राणीच्या पुतळ्याचं शिर बर्लिनला. एवढं गमावलेल्या गावात आपण रसवाल्याशी पाच पाऊंडांवरून भांडतो, कारण फसवाफसवीच्या बाबतीत आपण जागरूक आहोत.

पिरॅमिड बघताना पहिलं वाक्य तयार ठेवा: 'आपल्या वेरूळपुढं काहीच नाही.' वेरूळ आपण शेवटचं चौथीच्या सहलीत पाहिलं आणि तिथलं फक्त माकड आठवतं, हे बोलायची गरज नाही. खुफूचा पिरॅमिड मुळात सुमारे १४६ मीटर उंच होता, आता १३८च्या आसपास उरलाय. अंदाजे तेवीस लाख दगड. यावर ग्रुपमधले निवृत्त इंजिनिअर (प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच) 'मोजले कोणी?' असं विचारतात आणि गाईडला अर्धा तास मागं टाकतात.

आत जायचं वेगळं तिकीट असतं. ते काढाच. चार फुटांहून कमी उंचीच्या बोळातून, कमरेत वाकून, चढ चढायचा असतो. समोरून उतरणारे लोकही वाकलेले, त्यामुळं संपूर्ण प्रवास एकमेकांच्या टाळूंना नमस्कार करत होतो. मग एकदम उंच दालन लागतं, पाठ सरळ होते, आणि शेवटी पुन्हा वाकून राजाच्या खोलीत. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी कोरडं असतं. आत मात्र गेल्या तासाभरात येऊन गेलेल्या सगळ्यांचा श्वास जमलेला असतो, दादरच्या पुलावर संध्याकाळी असतो तसा. भिंतीवर एक चित्र नाही, एक अक्षर नाही. कोपऱ्यात बिनझाकणाची ग्रॅनाइटची पेटी, आणि ती रिकामी. आमच्या सौभाग्यवतींनी आत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी?" चार-साडेचार हजार वर्षांत त्या खोलीबद्दल इतकं नेमकं कोणी बोललं नसेल.

मी मात्र तिथं जरा थांबलो. डोक्यावर नऊ अखंड ग्रॅनाइटच्या तुळया आहेत, अस्वानहून नदीनं आणलेल्या, आणि त्यांच्यावर तो सगळा डोंगर. तेवढ्यात पहारेकऱ्यानं पेटीकडं बोट दाखवलं.

उंटाचं एकच लक्षात ठेवा. बसायचे पैसे नसतात, उतरायचे असतात. आणि ही सौदेबाजी उंट उभा असताना होते.

ममी बघायला पूर्वी तहरीर चौकातल्या १९०२च्या गुलाबी संग्रहालयात गेलं की भागायचं. आता राजघराण्यातल्या २२ ममींची २०२१ साली गाजतवाजत पालखी काढून त्यांना कैरोतल्याच फुस्तात भागातल्या संग्रहालयात नेलंय, आणि तुतनखामुनचा खजिना गिझाच्या नव्या भव्य संग्रहालयात आहे. म्हणजे तिकिटं तीन. पैकी जिथं एसी जोरात आहे तिथं जास्त वेळ काढा. ममीच बघायची तर सयाजीराव महाराजांनी बडोद्याला आणून ठेवलीय, पण बडोद्याला जाऊन आलो हे सोसायटीत सांगायची सोय नसते.

जेवणाच्या बाबतीत मात्र कडक राहा. कोशरी नावाचा एक पदार्थ कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, त्याच्यापासून सांभाळा. भात, मसूर, मॅकरोनी, वर छोले, टोमॅटोचं आंबट-तिखट, लसूण-व्हिनेगरचं पाणी आणि सगळ्यावर कुरकुरीत तळलेला कांदा. पूर्ण शाकाहारी, पोटभरीचा, स्वस्त आणि दिसायला खिचडीची चुलत बहीण. यात मटण नाही हे कळल्यावरही 'पण भांडी कुठली असतील' असं म्हणून मागं फिरा. सकाळी गाडीवर फूल म्हणून घेवड्याच्या जातीच्या दाण्यांची उसळ आणि गरम पोळी मिळते. पोळीला ते 'ऐश' म्हणतात, म्हणजे जगणं. आपण खोलीत किटलीतल्या पाण्यावर झटपट पोहे फुगवावेत. आम्ही सात रात्री पनीर खाल्लं. रोज दुपारी आमचा ड्रायव्हर बसच्या सावलीत डबा उघडून कोशरी खायचा आणि तळलेल्या कांद्याचा वास मागच्या सीटपर्यंत यायचा. तेव्हा आम्ही खाकऱ्याचं पाकीट फोडायचो, आवाज करून.

नाईलवर बुफेवाली बोट घ्या. आत दिवे इतके असतात की बाहेरची नदी दिसत नाही, त्यामुळं गैरसोय होत नाही. नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, म्हणून नकाशात खाली आहे तो 'वरचा' इजिप्त, हे कोणीतरी समजावून सांगत असताना सूप घ्यायला उठावं. रोडा बेटावर ८६१ साली बांधलेलं नाईलचं मोजमाप आहे, ते आपल्या कार्यक्रमात नसतं. विहिरीसारखा खड्डा, मधोमध खुणा कोरलेला दगडी खांब. पुराचं पाणी सोळा हात चढलं की सुकाळ, फार कमी तर उपासमार, फार जास्त तर बुडीत. आणि सारा किती घ्यायचा तेही त्याच खांबावरून. आपली आणेवारीच की, फक्त तलाठ्याच्या जागी नदी. १९७०मध्ये अस्वानचं मोठं धरण पुरं झालं, पूर थांबले आणि खांब रिकामा झाला. शाळेत 'इजिप्त ही नाईलची देणगी आहे' हे वाक्य घोकून आपण दोन मार्क मिळवलेले असतात. त्या देणगीची पावती बघायला कोण जातो? मीही गेलो नाही. त्या वेळी आम्हाला अत्तराच्या दुकानात बसवलं होतं.

रस्ता ओलांडणं ही तिथली खरी तीर्थयात्रा. सिग्नल शोधू नका. स्थानिक लोक हात किंचित पुढं करून गाड्यांच्या लोंढ्यातून शांतपणे चालतात, आणि गाड्या त्यांना वळसा घालतात. मला एका पोरानं मनगट धरून पलीकडं नेलं. दहा पाऊंड मागितले, दिले. पलीकडं गेल्यावर लक्षात आलं, हॉटेल अलीकडं होतं. पोरगं हलला नव्हता, वाटच बघत होता.

दहा पाऊंड, पाच पाऊंड असं दिवसभर जपून ठेवलं की शेवटच्या दिवशी पपायरसच्या दुकानात शांतपणे खर्च करता येतो. तिथं एक ताई लव्हाळ्याचा दांडा सोलून, पट्ट्या कापून, भिजवून, उभ्या-आडव्या दाबून कागद कसा होतो ते दाखवतात. खरा कागद उजेडात धरला की जाळी दिसते, दुमडला तरी मोडत नाही; नकली केळीच्या पानाचा असतो आणि तो बाहेर विकतात, हे त्याच सांगतात. आपण बाहेर नसल्यामुळं निश्चिंत होतो. वर आपलं नाव चित्रलिपीत फुकट लिहून मिळतं. आडनावात ळ असेल तर अपेक्षा ठेवू नका. तिथं एक सिंह बसवतात आणि काळ्यांचे काले होतात. साडूंनी घेतलं ते मोठं, सोनेरी मुखवट्याचं, घासाघीस करून निम्म्या किमतीत. जाळी दाखवलेला तुकडा ताईंनी ठेवून घेतला आणि गुंडाळी आतून बांधून आणली.

आता ते डोंबिवलीत सोफ्याच्या वर फ्रेममध्ये आहे. जूनमध्ये जरा फुगलं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात राजाच्या डोळ्यातलं काजळ ओघळून हनुवटीपर्यंत आलं आणि सोनं हाताला लागायला लागलं. आम्ही गेलो तेव्हा साडू स्टुलावर उभे राहून काच पुसत होते.

"वस्तू अस्सलच आहे," ते म्हणाले. "आपल्याकडची हवाच दमट."