मुलाच्या केसपेपरवर बाबांची शुगर लिहू नका

एक गोष्ट सरळ लिहिते, मग ज्यांना रागवायचंय त्यांनी खुशाल रागवा. डोनर स्पर्मने, म्हणजे अनोळखी पुरुषाने दान केलेल्या वीर्यातून झालेल्या मुलाच्या केसपेपरवर ‘फॅमिली हिस्टरी’च्या रकान्यात नवऱ्याच्या घरचे आजार लिहू नका. आजोबांची शुगर, आत्याचा थायरॉइड, काकांची बायपास, यातलं काहीही त्या मुलाकडे आलेलं नाही. आडनाव बाबांचं, हट्ट बाबांचा, ताटात वरणाचं आळं करायची पद्धतसुद्धा बाबांची. रक्तातलं तेवढं नाही. तिथे ‘माहीत नाही’ असं लिहा.

मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. स्टेशनहून ‘तीन पेट्रोल पंप’ चौकापर्यंत चालत आलात तर वंध्यत्वावरच्या उपचारांचे किती बोर्ड दिसतात ते मोजून बघा. या क्लिनिकांवर माझा राग नाही. माझ्या नात्यात, मैत्रिणींत अशी मुलं आहेत आणि ती घरात आली हे फार चांगलं झालं. अझूस्पर्मिया, म्हणजे वीर्यात शुक्राणूच नसणं, हा कुणाचा गुन्हा नाही. पण उपचार संपले, पेढे वाटून झाले की सगळ्यांनी मिळून एक गोष्ट विसरायची ठरवलेली असते, आणि ती गोष्ट दहा-वीस वर्षांनी आमच्या काउंटरवर येऊन उभी राहते.

आधी गैरसमज नको म्हणून सांगते. डोनरचं मूल इतरांपेक्षा आजारी असतं असं मुळीच नाही. आनुवंशिक आजाराचा धोका तुमच्या-माझ्या मुलांना असतो तेवढाच त्यालाही. उलट डोनरच्या संसर्गाच्या तपासण्या झालेल्या असतात, लग्नाच्या नवरदेवाच्या कोण करतं? फरक आहे तो माहितीचा. आपल्या घरात कोण कशाने गेलं हे आपल्याला आजीच्या गप्पांतून आपसूक कळतं. डोनरच्या आजीच्या गप्पा आपल्या घरी पोचत नाहीत. आणि त्या रिकाम्या जागेत आपण नवऱ्याची आजी आणून बसवतो, हे जास्त वाईट. कोऱ्या रकान्यामुळे डॉक्टर सावध तरी होतात. चुकीची माहिती असली की ते निर्धास्त होतात.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील इकडचे तिकडे केलेत. चारेक वर्षांचा मुलगा. हिमोग्लोबिन दहाच्या आसपास घुटमळतंय म्हणून कित्येक महिने आयर्नचं सिरप चालू, फरक शून्य. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, आरबीसी (लाल पेशींचा) काउंट ५.८, एमसीव्ही (त्या पेशींचा सरासरी आकार) ६२. आमच्या धंद्यातला एक सोपा हिशोब आहे: एमसीव्हीला आरबीसीने भागायचं, उत्तर १३च्या खाली आलं की लोहाची कमतरता सोडून थॅलेसेमियाकडे, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक दोषाकडे बघायचं. इथे ते अकराच्याही आत. डॉक्टरांनी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी टेस्ट करायला लावली. त्यातला एचबीए२ हा प्रकार पाच टक्क्यांच्या वर, म्हणजे थॅलेसेमिया मायनर. हा काही आजार नव्हे, मूल धडधाकट असतं, फक्त वाहक असतं. कमतरता नसताना आयर्न पाजत राहायचं नाही, एवढंच पथ्य. मग नेहमीप्रमाणे आई-वडिलांची तपासणी सांगितली.

तिघं आली, सोबत आजीही. आधी सुनेचं रक्त घेतलं, मग मुलाच्या बाबांचं. त्याने मुकाट्याने शर्टाची बाही वर केली, मूठ आवळली, सुई टोचून घेतली. दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल. आजी काउंटरवर कडाडल्या, “आमच्या घराण्यात असलं काही नाही, तिच्याही माहेरी नाही, मग पोराला आलं कुठून? तुमचं मशीनच बिघडलंय!” मी म्हटलं, “आजी, रिपीट करून बघू.” सून भिंतीवरच्या रेटकार्डाकडे बघत उभी. तिचा नवरा मोबाइलमध्ये. दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला आणि हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, रिपीट नको. स्पर्म बँकेचं सॅम्पल होतं.”

म्हणजे आपल्या रक्तात काही सापडणार नाही हे त्याला सुई टोचून घेतानाही ठाऊक होतं. त्याची आई शेजारी उभी होती म्हणून रक्त दिलं.

त्या घराचं काही बिघडलं नाही, कारण मुलाची आई वाहक नव्हती. ती वाहक असती तर? आई मायनर आणि डोनर मायनर, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता २५ टक्के. मेजर म्हणजे जन्मभर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं आणि त्यातून साठणारं लोह काढायला रोज औषधं. भारतात साधारण ३ ते ४ टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. मराठी माणसाला वाटतं हे सिंधी, पंजाबी, कच्छी लोकांचं, म्हणजे उल्हासनगरपुरतं. त्या समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरं, पण बाकीचे सुटलेत असं नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. तो पालघरच्या आदिवासी पाड्यांतला आजार म्हणून आपण सोडून देतो. बँकेतल्या डोनरचं गाव-घराणं आपल्याला कुठे माहीत असतं?

आता कायदा. २०२१चा एआरटी कायदा, म्हणजे वंध्यत्वावरच्या अशा उपचारांचा कायदा, जानेवारी २०२२पासून लागू आहे. स्पर्म डोनरचं वय २१ ते ५५ असावं, एका डोनरचं सॅम्पल एकाच जोडप्याला द्यावं, नाव-पत्ता-आधारसकट नोंद ठेवावी, मूल कायद्याने त्या जोडप्याचंच, डोनरचा त्यावर हक्क नाही. हे सगळं उत्तम. आजारांचं काय? नियमांत नाव घेऊन सांगितलेल्या तपासण्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि सिफिलिसच्या. सगळे संसर्ग, आनुवंशिक एकही नाही. गंमत म्हणजे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २००५च्या मार्गदर्शक सूचनांत डोनरला थॅलेसेमियासारखे सर्रास आढळणारे आनुवंशिक आजार नसावेत असं स्पष्ट लिहिलेलं होतं. चांगल्या बँका आजही एचपीएलसी करतात. पण ‘चांगल्या बँका’ हे काही कायद्याचं कलम नव्हे. एचपीएलसी ही काही चंद्रावरची टेस्ट नाही, ठाण्यात गल्लोगल्ली होते. ती सक्तीची का नसावी, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

वयाबद्दलही एक कुरकुर. वडिलांच्या वयाबरोबर शुक्राणूंमधले नवे जनुकीय बदल वाढतात. आइसलँडमधल्या २०१२च्या अभ्यासात २० वर्षांच्या बापाकडून मुलात असे सुमारे २५ बदल येतात, तर ४० वर्षांच्या बापाकडून ६५च्या घरात, असं दिसलं. म्हणजे वर्षाला साधारण दोन. यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, घाबरायचं कारण नाही. पण नवरा पन्नाशीचा असला तर तो आपला नाइलाज, डोनर निवडताना ५५पर्यंतची मुभा कशाला?

तरीही तपासणी केली की प्रश्न मिटला असं समजू नका. डेन्मार्कमधल्या युरोपियन स्पर्म बँकेच्या एका डोनरची केस २०२५मध्ये गाजली. तो स्वतः ठणठणीत, तपासण्या झालेल्या. पण त्याच्या काही शुक्राणूंमध्ये टीपी५३ या जनुकात दोष होता, आणि तो सगळ्या पेशींत नसल्यामुळे नेहमीच्या तपासणीत सापडलाच नसता. ज्या मुलांकडे तो दोष येतो त्यांच्या प्रत्येक पेशीत असतो आणि लहान वयापासून कॅन्सरचा धोका प्रचंड वाढतो. मे महिन्यात मिलानच्या परिषदेत डॉक्टरांनी मांडलं तेव्हा ६७ मुलांचा पत्ता लागला होता. २३ जणांत दोष, १० जणांना कॅन्सर. वर्ष संपताना पत्रकारांनी खोदून काढलं तर मुलांचा आकडा किमान १९७वर गेला. अमेरिकेतलं २००९मध्ये छापून आलेलं प्रकरण असंच. डोनर निरोगी तरुण, पण हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार जनुकांत घेऊन फिरणारा. त्याच्या २४ मुलांपैकी ९ जणांत तो दोष, एक बाळ दोन वर्षांचं असताना हृदय निकामी होऊन गेलं.

लोक म्हणतील, बघ, आपल्याकडे एक डोनर एक जोडपं आहे, असलं होणार नाही. बरोबर, पसरणार नाही. पण तिकडे हे उघडकीला कसं आलं? वेगवेगळ्या घरांतल्या मुलांना एकाच प्रकारचे आजार दिसले आणि कुणीतरी बँकेला कळवलं म्हणून. आपल्याकडे त्याच डोनरची दुसऱ्या घरांतली मुलंच नाहीत, म्हणजे इशारा देणारंही कुणी नाही. आणि खुद्द डोनर? तो सॅम्पल देतो तेव्हा बहुतेकदा विशी-पंचविशीचा असतो. फॉर्मवर ‘घरात आजार नाहीत’ लिहितो ते प्रामाणिकपणेच लिहितो, कारण तेव्हा त्याची आई पंचेचाळिशीची असते. पुढे तिला स्तनाचा कॅन्सर होतो, बापाला पन्नाशीत अटॅक येतो, त्याला स्वतःला चाळिशीत शुगर निघते. हे त्या मुलाच्या केसपेपरपर्यंत यायची वाट कुठे आहे? उलट दिशेनेही तेच. आमच्या काउंटरवरच्या त्या मुलामुळे कळलं की डोनर वाहक आहे. आज त्या डोनरचं लग्न झालं असेल, बायकोही वाहक असेल तर? त्याच्या घरच्या बाळाला वाचवू शकेल अशी माहिती आमच्या फाइलमध्ये पडून आहे. कायद्याप्रमाणे क्लिनिकचे आणि बँकेचे कागद दहा वर्षांनी राष्ट्रीय नोंदणीकडे जायचे आहेत. मग त्या नोंदणीतून नाव न सांगता एवढा निरोप दोन्हीकडे पोचवता येऊ नये? डोनरला पाच वर्षांनी एक फोन, घरात काही नवीन आजार निघाला का, एवढंच विचारायचं. त्याची ओळख कुणी मागत नाहीये. (मला विचाराल तर ओळखही मूल अठराचं झाल्यावर मिळावी. डोनरची ओळख मोठ्या झालेल्या मुलाला मिळण्याचा कायदा स्वीडनमध्ये १९८५पासूनच आहे, ब्रिटनमध्ये २००५पासून. पण त्यावर भांडायला वेगळी पोस्ट लागेल.)

मुलींच्या आयांनी पुढचं जरा नीट वाचा. स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष फक्त आईकडून येतो असं बायकांना वाटतं. तो बापाकडूनही तितकाच येतो, बापात असला तर पन्नास टक्के शक्यता. बापाला काहीच झालेलं नसतं, त्याच्या आईला, बहिणीला झालेलं असतं. जेनेटिक काउन्सेलिंगला गेलात, टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक केंद्रात जा नाहीतर दुसरीकडे, आधी कागदावर वंशवृक्ष काढतात. पुरुष चौकोन, बाई गोल, आजारी असेल तो काळा भरायचा. कुणाची पुढची टेस्ट करायची ते बऱ्याच अंशी त्या कागदावरून ठरतं. डोनरच्या मुलीचा अर्धा कागद कोराच राहणार. तिथे तिने भाबडेपणाने बाबांकडचे निरोगी गोल आणि चौकोन काढून दिले तर समोरचा डॉक्टर म्हणेल, चला, बापाकडून काळजी नाही. म्हणूनच मला वाटतं की मुलांना सांगावं, आणि ती स्वतःचे फॉर्म भरायला लागायच्या आत सांगावं. समाज, सासर, गोतावळा, सगळ्यांना सांगत सुटायची गरज नाही. सासूबाईंना कळायलाच हवं असंही नाही. ज्याचं शरीर आहे त्याला मात्र कळायला हवं. (एग डोनरच्या मुलांना हेच सगळं आईच्या बाजूने लागू.)

ज्यांचे उपचार अजून व्हायचेत त्यांनी आधी बाईची एचपीएलसी करून घ्या. ती वाहक नसेल तर डोनर वाहक असला तरी मेजरची धास्ती जवळपास संपते. बँकेला लेखी विचारा की डोनरच्या एचपीएलसीचा रिपोर्ट आहे का, आई-वडील-भावंडांचे आजार विचारले होते का, सॅम्पल देताना वय किती होतं. नाव मागू नका, मिळणार नाही. मिळेल त्याची झेरॉक्स काढून मुलाच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये ठेवा. गोरा आहे का, उंच आहे का, ‘आपल्यातला’ आहे का, एवढंच विचारून लोक समाधानाने घरी जातात. ऐकून डोकं फिरतं.

मुलं शाळेत जायला लागली असतील तर बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला. त्यांना यात नवीन काही नसतं, आणि पेशंटची गोष्ट बाहेर न सांगणं हे त्यांचं कामच आहे. बापाकडची माहिती नाही म्हटलं की ते एकदा एचपीएलसी सांगतील, लिपिड प्रोफाइल लवकर करायचं का ते ठरवतील, छातीत काही वेगळं ऐकू आलं तर इको करायला उशीर लावणार नाहीत. आजी सोबत असतील तर तिथे बोलू नका, बाहेर पडल्यावर फोन करा. आणि आई-वडिलांचं रक्त तपासायला सांगितलं की लॅबमध्ये यायच्या आधी हा फोन करा. बाबांना उगाच सुई टोचावी लागणार नाही, टेस्टचे पैसेही वाचतील.